उधारीची द्वादशी

पेट्रोल लढाईवर गेलं आणि नगर जिल्ह्यातल्या मोटारी कोळशावर धावू लागल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. नगर शहरातल्या तोफखाना पेठेत तेव्हा शामकांतराव टाकळकरांचा 'सुलभ मुद्रणालय' नावाचा छापखाना होता. छापखाना म्हणजे राहत्या घराची पुढची एक खोली, पायानं मारायचं एक ट्रेडल यंत्र, शिशाच्या अक्षरांचे म्हणजे खिळ्यांचे खण आणि अंगाला कायमचा चिकटलेला शाईचा वास. मालक, खिळे जुळवणारे जुळारी, छापणारे आणि संध्याकाळी झाडून घेणारे, असे सगळे शामकांतरावच. त्यांचं शुद्धलेखन चोख होतं, छपाई सुबक होती, आणि वसुलीच्या नावानं आनंद होता. पत्रिका छापून घेणारा मनुष्य अक्षता पडल्या की पत्रिका विसरतो, हे त्यांना धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण कळतं पण वळत नाही अशी माणसं असतात, त्यांतले ते एक.

अशात त्यांना आबासाहेब मिळाले. सोनईचे आबासाहेब म्हणजे बडं प्रस्थ. उसाचे मळे, तेलाचा घाणा, आणि वर 'मोहिनीराज मोटार सर्व्हिस'. नगर ते सोनई त्यांच्या गाड्या चालत. या सर्व्हिसची तिकिटं, पावत्या, पत्राचे कागद, सगळं छापायचं काम शामकांतरावांकडे आलं. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले. गिऱ्हाईक मोठं मिळालं की लहान दुकानदाराला आपणच वीतभर उंच झाल्यासारखं वाटतं. पहिल्या खेपेचे पैसे रोख आले. दुसऱ्या खेपेला निम्मे आले. तिसऱ्या खेपेला "पुढच्या खेपेला एकदमच देऊ" असा निरोप आला, आणि त्यानंतर नुसतेच निरोप येऊ लागले. तिकिटं मात्र जात राहिली. असं करता करता सव्वादोनशे रुपये साचले. त्या काळी एवढ्या पैशांत माणूस मुलीच्या लग्नाचा विचार करू शके.

इकडे कागदावर कंट्रोल आला. कागदाचे व्यापारी हेमचंद्रशेठ आजवर उधार देत आले होते. भारी गोड मनुष्य. शेठजी एका सकाळी स्वतः छापखान्यात आले, ट्रेडलवरून प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाले, "शामराव, यापुढं कागदाला रोख. आणि मागचं सगळं होळीच्या आत. नाही जमलं तर हे यंत्र माझ्या वखारीत राहू द्या. आठवण आली की येऊन बघून जात जा. मी काही परका नाही."

शामकांतरावांना त्या रात्री घास गेला नाही. ट्रेडल गेलं तर राहणार काय? खिळे आणि शुद्धलेखन. त्यांवर तर शाळामास्तरसुद्धा जगत नाही. तेव्हा होळीच्या आत आबासाहेबांकडून पैसे आणायचे, हे नक्की झालं.

नगरहून सोनईला जायचं तर आबासाहेबांच्याच मोटारीनं जावं लागे. गाडीच्या पाठीमागे कोळशाची उभी भट्टी असायची. कंडक्टर गहिनीनाथ निघण्याआधी अर्धा तास ती भाता मारून पेटवायचा, आणि गाडी सुटेपर्यंत निम्मे उतारू काळे झालेले असायचे. इमामपूरच्या घाटात गाडी दमायची. मग बायका-पोरं आत आणि बाप्ये खाली, असा रिवाज होता. शामकांतरावांनी धोतराचा काचा मारून घाट ढकलला, वर येऊन धापा टाकत बसले, तोच गहिनीनाथ पुढ्यात येऊन उभा राहिला.

"पंत, तिकीट."

"अरे, हे तिकीट मीच छापलेलं आहे. त्याचे पैसे अजून मला मिळायचेत. ते मागायलाच चाललोय."

"ते खरं हाय वो. पन तुमास्नी फुकट न्हेलं तर मालक माज्या पगारातनं कापत्यात. अन् पगार बी अजून मिळायचाच हाय."

हे ऐकल्यावर शामकांतरावांनी मुकाट्यानं पैसे काढून दिले. दुःखात जोडीदार भेटला की माणूस उदार होतो.

सोनईत आबासाहेबांची नवी दगडी माडी होती. तिच्या ओटीवर त्यांचे दिवाणजी पुंजाराम बसत. पुंजाराम कधीही 'नाही' म्हणत नसत. हीच त्यांची खरी ताकद. पहिल्या खेपेला त्यांनी बिल डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि म्हणाले, "झ्याक हाय. पन एकच प्रत आणली व्हय? आमच्यात दोन लागत्यात." दुसऱ्या खेपेला दोन प्रती नेल्या, तर पावतीवर एक आण्याचं सरकारी तिकीट चिकटवलेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला तिकीटही होतं, पण शुक्रवार होता, आणि शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. चौथ्या खेपेला अमावास्या निघाली. पाचव्या खेपेला शामकांतराव पंचांग पाहून, सोमवार गाठून गेले, तर पुंजाराम म्हणाले, "आबासाहेब पाथर्डीला गेल्यात की." आबासाहेब त्या वेळी माडीच्या खिडकीत बसून दाढी करून घेत होते. शामकांतरावांनी वर पाहिलं. पुंजारामांनीही वर पाहिलं. "आत्ता निघत्यात," ते म्हणाले.

घरी विजयाबाई प्रत्येक खेपेचं मोटारभाडं मनात धरून होत्या. नवऱ्याच्या अंगावरची काजळी धुताना त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, आणखी थोड्या खेपा केल्यात ना, तर आपणच त्यांचे देणेकरी होऊ."

बातमी तोफखान्यात पसरली आणि सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणसाला उधार कुणी देणार नाही, सल्ला मात्र घरपोच येतो. शेजारच्या सुमंत वकिलांनी कायदेशीर नोटीस सुचवली. नोटिशीची फी त्यांनी रोख आणि आगाऊ घेतली, आणि धंदा कसा करावा याचा तो एक धडाच होता, पण शामकांतरावांच्या तो लक्षात आला नाही. नोटीस इंग्रजीत होती. वाचूनच घाम फुटावा अशी होती. आठवड्याभरात उत्तर आलं, "आपले पत्र पावले. आनंद झाला. कळावे, लोभ असावा." ते उत्तर 'मोहिनीराज मोटार सर्व्हिस'च्या छापील कागदावर होतं. मथळा दोन रंगांत, मोराचं चित्र, ठसा कुठेही फाटलेला नाही. शामकांतरावांनी तो कागद उजेडात धरून पाहिला. काम त्यांचंच होतं. त्याचेही पैसे यायचे होते.

शेवटी समोरच्या बोळातले रंगनाथकाका आले. काकांचं वय झालं होतं आणि त्यांचा सध्याच्या जगावर विश्वास नव्हता. "नोटिसा कसल्या देतोस?" ते म्हणाले. "आपल्या पूर्वजांनी वसुल्या कशा केल्या? धरणं धरून! ऋणकोच्या दारात जाऊन बसायचं. अन्नाला शिवायचं नाही. धनको दारात उपाशी असेपर्यंत ऋणकोच्या घरातही कुणी जेवायचं नाही, असा दंडक आहे. पेशवाईत भल्याभल्या सरदारांनी संध्याकाळच्या आत थैल्या मोकळ्या केल्यात. माझ्या आजोबांनी—"

"काका, पण हे हल्ली चालतं का?"

"भूक हल्ली लागते ना? मग चालतं."

शामकांतरावांना हे पटलं. पटण्याचं खरं कारण असं, की या उपायाला फी नव्हती. विजयाबाईंना मात्र पटलं नाही. "उपाशीच राहायचं तर घरी राहा. भाडं तरी वाचेल," त्या म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी पंचा, तांब्या आणि कांबळं काढून ठेवलं. त्यांनाही रात्री ट्रेडल वखारीत दिसत होतं.

काकांनी पंचांग मांडीवर घेऊन मुहूर्त काढला. माघातली एकादशी जवळ होती. एकादशीचा उपास घरी करायचा, दुसऱ्या दिवशी नुसत्या तुळशीपत्रावर पारणं सोडायचं आणि पहिल्या गाडीनं सोनई गाठायची. म्हणजे उपासाची अंगाला सवय झालेली असेल, असा काकांचा हिशेब. पंचांगात त्या दोन दिवसांसमोर दोन शब्द छापलेले होते. पहिल्या दिवसापुढे 'स्मार्त एकादशी', दुसऱ्या दिवसापुढे 'भागवत एकादशी'. काका स्मार्त, शामकांतराव स्मार्त, सगळा तोफखाना स्मार्त. पुढचा शब्द वाचायचं कुणालाच कारण पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता शामकांतराव आबासाहेबांच्या दारात पोचले. ओट्याखाली कांबळं अंथरलं, तांब्या ठेवला, मांडी घातली आणि चेहरा शक्य तितका करारी केला. घाट ढकलून आल्यानं तो आपोआपच थोडा झालेला होता.

पहिली बाई आली ती विचारत, "मोटार किती वाजता हाय वो?" तिच्या पाठोपाठ आणखी दोघं गाठोडी घेऊन त्यांच्या शेजारी बसले. काळं, दमलेलं माणूस तांब्या-कांबळं घेऊन बसलेलं दिसलं की मोटार तिथंच थांबते, असा त्यांचा समज झाला. थोड्या वेळानं गावचे पोलीसपाटील आले. ते दिवस चळवळीचे. पाटलांनी दबकत विचारलं, "पंत, सत्याग्रह का काय? कंच्या पक्षाचं तुमी?"

"मी कुठल्याही पक्षाचा नाही," शामकांतराव दुखावून म्हणाले. "मी माझ्या बिलाचा."

पाटलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि निघून गेले. मग पुंजाराम बाहेर आले.

"काय पंत, आज हितं बसला?"

"दिवाणजी, मी धरणं धरलंय. पैसे मिळेपर्यंत या दारातून उठणार नाही. अन्नाचा कण घेणार नाही. धनको दारात उपाशी असताना ऋणकोच्या घरात चूल पेटत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

पुंजारामांनी जरा विचार केला. "चूल तर आज तशी बी न्हाई पेटायची," ते म्हणाले. "एकादशी न्हाई का? आक्ख्या घराला उपास हाय. मालकांच्या आईसाब तर पानी बी घेत न्हाईत."

"एकादशी काल झाली!"

"काल तुमची. आमी माळकरी मानसं, आमची आज."

शामकांतरावांच्या पोटात खड्डा पडला. आधी एक होता, त्यात हा दुसरा. ज्या दिवशी सगळं घर उपाशी, त्या दिवशी त्या घराला उपाशी ठेवायला ते भाडं भरून आले होते. आणि त्या घराचा उपास एक दिवसाचा, शामकांतरावांचा दोन. रंगनाथकाकांच्या आजोबांच्या बाबतीत असं काही झाल्याचं काका बोलले नव्हते.

दुपारी परातीत उकडलेली रताळी आली, वर दाण्याची आमटी आणि वरीचा भात. उपासाचं म्हणून दारातल्या सगळ्यांना वाटलं गेलं. शामकांतरावांच्याही पुढ्यात पान आलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि डोळे मिटले. डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही. शेजारच्या गाठोडेवाल्यानं विचारलं, "तुमी खात नसाल तर घिऊ का?" त्यांनी मान हलवली. तो मनुष्य मनापासून आणि मोठ्यानं जेवला.

सांजावता आबासाहेब आले. धिप्पाड, गोरेपान, मोकळ्या आवाजाचे. "आरं शामराव! लई दिसांनी!" असं म्हणून त्यांनी जे हात जोडले, ते पाहून धरणं धरल्याची शामकांतरावांनाच लाज वाटली. मोठ्या माणसाची ही एक पंचाईत असते, त्याच्यावर रागावायला गेलं की तो आधीच प्रेमानं बोलून मोकळा होतो. शामकांतरावांनी अडखळत आपली प्रतिज्ञा सांगितली.

"पैसं मिळस्तवर अन्न घ्यायचं न्हाई? घिऊ नका की. आज आमी तरी कुटं घेतोय!" आबासाहेब हसले. "उद्या बोलू. ए, पंतास्नी घोंगडं द्या रे एक, थंडी हाय."

ती रात्र आत भजनात आणि बाहेर कुडकुडण्यात गेली.

सकाळी त्यांना जाग आली ती खोकल्याच्या आवाजानं. समोरच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, अंगावर काही म्हणजे काही मांस नाही. आबासाहेबांची आई, बनुबाई. तिच्याशेजारी सुपात शिधा होता. तांदूळ, पीठ, डाळ, गूळ आणि वाटीभर तूप.

"उटा महाराज," ती म्हणाली. "माज्या घरचं शिजलेलं तुमास्नी चालायचं न्हाई, म्हनून कोरडा शिधा आणलाय. आंगनात चूल मांडून देते. दोन घास करून खावा. आज बारस हाय, तुमी द्वादशी म्हनता ती. दारातलं मानूस जेवल्याबिगर मला पारनं सोडता येत न्हाई."

शामकांतरावांनी मान ताठ केली. "आई, मला क्षमा करा. तुमच्या मुलाकडून माझे पैसे यायचेत. ते हातात पडल्याशिवाय मी जेवणार नाही."

"पैशाचं मला काय कळतंय बाबा? आबा घाण्याकडं गेलाय. ईल." मग थोडं थांबून म्हणाली, "बारस उनं वर येईस्तवरच हाय म्हनं आज. ती सरली की मग उद्याच."

आता ध्यानात घ्या, की शामकांतरावांना हवी होती ती घटका हीच. काकांनी सांगितलेला दंडक जसाच्या तसा पुढ्यात चालून आला होता. घरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस त्यांच्यापायी उपाशी होतं. आत माणसांची धावपळ चालू होती. पुंजाराम पायांत वहाणा न घालता घाण्याकडे पळत गेले होते. थोडा दम धरला असता तर आबासाहेब धावत आले असते. नुसतं बसून राहायचं होतं, आणि बसून राहणं त्यांना आता चांगलं जमत होतं.

पण म्हातारी समोर बसली होती. तिनं त्यांना शाप दिला नाही, गळ घातली नाही. ती फक्त ऊन कुठवर आलं ते पाहत होती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मधूनच ती भिंतीला हात लावी. शामकांतरावांनी नजर वळवली, तर सुपातल्या तांदळांवर गेली. परत वळवली, तर पुन्हा म्हातारीवर. आपण वसुलीला आलो होतो, हे आपण काय करतोय, असं त्यांना वाटलं. त्यांना भडभडून आलं. होळी, शेठजी, वखार सगळं आठवलं, आणि ते सगळं आठवत असतानाच त्यांच्या तोंडून गेलं, "आई, चूल कुठे मांडू?"

चूल मांडली. पण शामकांतरावांना चूल ठाऊक होती ती विजयाबाईंच्या पाठीमागून. उभ्या आयुष्यात त्यांनी एक चहासुद्धा केला नव्हता. लाकडं ओली होती की कोरडी, देव जाणे. त्यांनी फुंकर घातली, धूर झाला. आणखी फुंकर घातली, आणखी धूर झाला. गहिनीनाथ मोटार पेटवायला आला होता, तो भाता घेऊन मदतीला धावला, आणि चुलीतली राख तांदळात गेली. शामकांतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ऊन तुळशीवृंदावनाच्या पायरीला लागलं. म्हातारी उठून जरा जवळ येऊन बसली.

शामकांतरावांनी फुंकणी खाली ठेवली. "आई," ते म्हणाले, "हे माझ्यानं व्हायचं नाही. तुमच्या घरात भाकरी झाली असेल तर तीच वाढा."

"माज्या हातची?" बनुबाई म्हणाली. "चालंल तुमास्नी?"

"चालेल. तुम्हीही बरोबर बसा. वेळ नाही."

बाजरीची भाकरी, मुगाचं वरण, भोपळ्याची भाजी. तोफखान्यातल्या कुणी हे पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात पहिल्या घासाला आला आणि दुसऱ्या घासाला गेला. समोर म्हातारीनं घोटभर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला. शामकांतराव तिसरी भाकरी मागून जेवले. धरणं मोडलं होतं, पैसे बुडाले होते, आणि इतकं गोड जेवण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

ते हात धूत होते तेवढ्यात आबासाहेब धापा टाकत आले. आई जेवलेली पाहून ते ओट्यावर मटकन बसले. मग एकदम उठले, खिशातून नोटांची चळत काढली आणि शामकांतरावांच्या पुढ्यात ठेवली. "पंत, तुमी आज माजी लाज राखली. बारशीला बामण जेवला, दक्षिणा द्यायाच पायजे. ही आडीचशे. ना म्हनू नका."

अडीचशे! बिलापेक्षा जास्त. शामकांतरावांचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"ही दक्षिणा?"

"व्हय."

"आणि बिल?"

"बिलाचं बघू की फुडं. ते येगळं, हे येगळं."

"मग ही मला नको."

पुंजारामांनी कपाळाला हात लावला. "घ्या की पंत! पैशाला काय नाव लिवल्यालं असतंय?" शामकांतरावांच्या कानात विजयाबाईही तेच ओरडत होत्या. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि या वेळी तो घाटामुळे नव्हता.

"आबासाहेब, मी भिक्षुक नाही. माझे वडील होते. ते सन्मानानं दक्षिणा घेत, कारण ती त्यांच्या कामाची होती. माझं काम छपाईचं. तुमच्या गाडीतला प्रत्येक माणूस माझं काम हातात धरून बसतो. त्या कामाचे द्या. सव्वादोनशे. वरचा एक पैसा नको. आणि मी पावती देणार."

आबासाहेबांना हे लागलं. दानाला त्यांचा हात सदा सैल होता. देवळाचा कळस त्यांचा, सप्ताहाची पंगत त्यांची. पण देणं मागितलं की तोच हात आखडायचा. देताना मोठेपण वाटतं आणि फेडताना कमीपणा, त्याला ते तरी काय करणार? "आडीचशे देतोय तर सव्वादोनशे मागतंय," ते पुटपुटले. "कसला मानूस हाय ह्यो!"

"आबा," बनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता जोर आला होता. "त्यानं तुजं काम केलं व्हय?"

"केलं की."

"चांगलं केलं?"

"बेस केलं."

"मग त्येचं त्येला दे. दुसऱ्याचं घरात ठिवून मी कसलं पारनं सोडलं रे? उपास माजा पान्यात घातलास तू."

आबासाहेबांनी आईकडे पाहिलं. मग चळतीतल्या सव्वादोनशेच्या नोटा वेगळ्या करून शामकांतरावांच्या हातात दिल्या. शामकांतरावांनी एक आण्याचं तिकीट लावून पावती लिहिली. मग बनुबाईनं नारळ आणि एक रुपया पुढे केला. "ही माजी दक्षिणा. ही तर घेशील?" ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. ती "नगं नगं" म्हणत मागे सरली, पण त्यांनी ऐकलं नाही.

ट्रेडल राहिलं. हेमचंद्रशेठ पैसे घेताना जरा हिरमुसल्यासारखे दिसले, कारण वखारीत त्यांनी जागा करून ठेवली होती. रंगनाथकाकांनी सगळं श्रेय धरण्याला आणि स्वतःला घेतलं. पुढे भाकरीची हकीगत त्यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी शामकांतरावांच्या घरी पाणी पिणं बंद केलं. ते नातीच्या लग्नाच्या पत्रिका छापायची वेळ येईपर्यंत बंद होतं. पत्रिका अर्थातच उधार.

पण खरी गंमत सोनईत झाली. त्या दिवसापासून बनुबाई दर बारशीला पान वाढलं की हात न लावता बसायची आणि मुलाला विचारायची, "कुनाचं काय ऱ्हायलंय का रे?" छापखाना, कोळसेवाला, लोहार, टायरवाला, गहिनीनाथचा पगार, सगळं सांगावं लागे. जे राहिलं असेल ते आधी माणसाच्या हाती जायचं, मग म्हातारी घास घ्यायची. शामकांतरावांना पुढे वसुलीसाठी कधी घाट ढकलावा लागला नाही. गहिनीनाथच दर बारशीला पैसे आणून द्यायचा. सोनईच्या बाजारात कुणाची उधारी फिटली की लोक 'बारस झाली' म्हणू लागले.

लढाई संपली. पेट्रोल परत आलं, भट्ट्या गेल्या, उतारू पुन्हा स्वच्छ दिसू लागले. सरकार स्वतःच्याच मोटारी काढणार अशी बोलवा उठली होती, त्या हिवाळ्यात बनुबाई गेली. शामकांतराव सोनईला जाऊन आले. परत येताना त्यांना पुष्कळ काही आठवत होतं, त्यात धंद्याचं काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या पहिल्या बारशीला ते सकाळी छापखाना उघडून बसले होते. आता पैसे कोण पाठवतो, असा विचार क्षणभर मनात आला, त्याची त्यांना लाज वाटली. तेवढ्यात दारात मोटार थांबली आणि आबासाहेब उतरले. गळ्यात तुळशीची माळ होती. आजवर एकादशी रताळ्यांवर भागवलेला मनुष्य, पण आज त्याचे ओठ पार सुकले होते. बाकावर बसून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"शामराव, तुमचं काय ऱ्हायलंय का?"

"नाही हो. मागच्या बारशीला सगळं पोचलं. काही राहिलेलं नाही."

"नीट आठवा. पत्राचं कागद, पावत्या?"

"काही नाही, आबासाहेब."

"बरं झालं. बाकी समद्यांकडं जाऊन आलो, तुमचं तेवढं शेवटचं हुतं." त्यांनी बाहेर उन्हाकडे पाहिलं. पुढचं बोलताना त्यांचा तो मोकळा आवाज अगदी बारीक झाला. "आता घरी जाऊस्तवर बारस टळंल. आन् तिकडं तरी आता इचारनारं कोन हाय?"

शामकांतरावांनी आत घराकडे वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

विजयाबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी दोन पानं मांडली होती.